‘पुनर्वसन’ केलेल्या आग्या माश्या

गेल्या फेब्रुवारीत आमच्या पुण्यातील गृहरचना संस्थेच्या सातव्या मजल्यावरील सज्जाखाली आग्या मोहोळ बसले. तीन फुटांहून रुंद असे एकच अर्धवर्तुळाकार पोळे, त्यावर माश्यांचा काळसर पडदा आणि मधूनच त्या पडद्यावरून सरकत जाणारी एक लाट. संस्थेचा सचिव या नात्याने निर्णय माझ्याकडे आला. पुढे जे घडले त्यात माझ्या अज्ञानाचा वाटा मोठा आहे, हे आधीच कबूल करतो.

कीटकनाशक फवारणाऱ्या एकाने 2,000 रुपये सांगितले होते. माश्या मारणे बहुतेक सभासदांना मान्य नव्हते, म्हणून शोधाशोध करून दुसऱ्या एका गृहस्थांना बोलावले. एकही माशी न मारता संपूर्ण वसाहत पेटीत भरून मुळशीकडील शेतावर नेऊन ठेवू, असे त्यांनी सांगितले आणि 6,500 रुपये मागितले. मोबाईलवर त्यांनी हिरव्या शेतातील रंगीत मधपेट्यांची व माश्यांनी भरलेल्या चौकटींची छायाचित्रे दाखवली. तिपटीहून अधिक रक्कम सभेत कोणतीही चर्चा न होता मंजूर झाली, कारण तेवढ्या पैशांत आमच्या मनाला टोचणी लागणार नव्हती. हा माणूस माश्या हलवण्याचे नव्हे, तर त्या टोचणीपासूनच्या सुटकेचे पैसे घेत होता, हे मला फार उशिरा कळले.

त्या छायाचित्रांतील माश्या सातेरी होत्या. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. म्हणूनच तिची पोळी कापून चौकटींना बांधता येतात, राणीमाशी सांभाळून पेटीत घेता येते आणि कामकरी माश्या तिच्यामागे येतात. आग्या माशी उघड्यावर, उजेडात एकच मोठे पोळे लटकवते आणि ऋतूनुसार स्थलांतर करते. तिला पेटीत कोंबले तरी ती तेथे नांदत नाही. आग्या मोहोळ पेटीत घालून पाळण्यासाठी नेतो, असे जो सांगतो त्याला एक तर माशी ओळखता येत नाही किंवा ग्राहक नेमका ओळखता येतो.

काम रात्री साडेनऊला झाले. रहिवाशांना घरात थांबण्यास सांगितले गेले, मात्र दिवे मालवण्याची सूचना कोणालाही दिली गेली नाही. डिवचलेल्या आग्या माश्या रात्री उजेडाकडे धावतात, ही गोष्ट या कामातल्या कोणालाही ठाऊक असते. सहाव्या मजल्यावरील एका आजोबांच्या घरातील ट्यूबलाइटवर माश्या घोंगावू लागल्या आणि त्यांना पाच-सहा डंख झाले. सुदैवाने सूज येण्यापलीकडे काही झाले नाही. वर नेमके काय चालले होते, ते आम्हांला दिसले नाही. तासाभराने ते गृहस्थ बंद झाकणाची पेटी व एक पोते घेऊन खाली आले. पैसे त्यांच्या सहकाऱ्याच्या मोबाईल क्रमांकावर पाठवण्यास त्यांनी सांगितले आणि पावती दुसऱ्या दिवशी देण्याचे कबूल केले. निघताना त्यांनी त्याच पोळ्यातील ‘शुद्ध मध’ 500 रुपयांना अर्धा किलो या दराने विकला, आणि आम्ही तो रांग लावून घेतला.

सकाळी सफाई कामगार मावशींनी मला खाली बोलावले. वाहनतळाच्या पत्र्यावर व फरशीवर मेलेल्या माश्यांचा थर पडला होता, काही अजून पाय हलवत होत्या, आणि झुरळांवर मारण्याच्या फवाऱ्याचा उग्र वास येत होता. जो मध आम्ही मुलांना चाटवणार होतो, तो याच फवाऱ्याखालून आला होता. शिवाय अळ्यांसकट पोळे पिळल्यामुळे तो गढूळ होता. सगळ्या बाटल्या परत मागवून आम्ही तो फेकून दिला. मृत माश्यांचे छायाचित्र मी त्या गृहस्थांना पाठवले, तेव्हा ‘म्हाताऱ्या माश्या गळतातच’ असे उत्तर आले. पावती मागितल्यावर तेही येईनासे झाले.

पुण्यातच केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तेथे एक फोन करण्याचे मला सुचले नाही, याचे आजही वाईट वाटते. नंतर एका अनुभवी मधपाळाने समजावले की आग्या मोहोळाच्या बाबतीत प्रामाणिक पर्याय दोनच असतात. जागा वर्दळीची नसेल तर ते तसेच राहू द्यावे, माश्या आपोआप निघून जातात. हलवणे भागच असेल तर बेताचा धूर देऊन माश्या पोळ्यावरून उठवाव्यात, पोळे कापावे आणि माश्यांना जिवंत उडून जाऊ द्यावे. त्या कोठे बसतील, हे कोणीही सांगू शकत नाही. फांदीवर पोळ्याविना लोंबणारा घोळका तर बहुधा वाटेत विसावलेला असतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत तो स्वतःहून उठतो, तरीही त्याचे ‘पुनर्वसन’ करून पैसे घेणारे भेटतात.

आमच्या सज्जाखालचे मेणही त्या माणसाने खरवडले नव्हते. नोव्हेंबरमध्ये त्याच खुणेवर नवे मोहोळ बसले. या वेळी मी दोघांना फोन केला आणि माश्या पेटीत नेणार का, एवढेच विचारले. पहिल्याने लगेच होकार दिला. दुसरा म्हणाला, ‘आग्या पेटीत राहत नाही, साहेब. खिडक्यांना जाळी लावा, रात्री त्या बाजूचे दिवे बंद ठेवा आणि पावसाळ्यापर्यंत थांबा.’ त्याने पैसे मागितले नाहीत. सातव्या मजल्यावर जाळी बसली आहे आणि मोहोळ अजून जागेवर आहे.