एओलियन बेटं फिरताना: अलिस्काफो घ्यावी की मोठं जहाज?

इटलीतल्या सिसिलीच्या उत्तरेला सात ज्वालामुखी बेटं आहेत: लिपारी, वुल्कानो, सालिना, पानारेया, स्त्रोंबोली, फिलिकुदी आणि आलिकुदी. एकावरही विमानतळ नाही. ठाणे-नवी मुंबईतून कुटुंबं इथे जातात ती मे महिन्यात, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत. या दोन वेळांना समुद्राचा स्वभाव अगदी वेगळा असतो, म्हणून हॉटेल पक्कं करण्याआधी बोटीचं ठरवा.

मुख्य बंदर सिसिलीच्या किनाऱ्यावरचं मिलाझ्झो. तिथून दोन प्रकारच्या बोटी सुटतात. अलिस्काफो, म्हणजे हायड्रोफॉइल, फक्त माणसं नेते. मोठं जहाज, ज्याला तिथे ‘नावे’ किंवा ‘त्रागेत्तो’ म्हणतात, गाड्या आणि ट्रकही नेतं. दोन्ही सेवा वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत आणि तिकीटखिडक्याही वेगळ्या. एकीचं तिकीट दुसरीवर चालत नाही. अलिस्काफो रद्द झाली तर पैसे परत मिळतात, पण जहाजाचं तिकीट काढायला तुम्हालाच दुसऱ्या खिडकीवर पळावं लागतं, आणि तेव्हा सगळेच पळत असतात.

मिलाझ्झो ते लिपारी अलिस्काफोला साधारण एक तास लागतो, जहाजाला दोन. लिपारी ते वुल्कानो अलिस्काफोने जेमतेम दहा मिनिटं. फरक खरा जाणवतो तो स्त्रोंबोलीला जाताना. अलिस्काफो लिपारीहून थांबे घेत एक ते पावणेदोन तासात पोचते, तर जहाज सालिना, पानारेया करत तीन-चार तास खातं. भाड्यात मात्र काही युरोंचाच फरक असतो. त्यामुळे पैशासाठी जहाज निवडण्यात फारसा अर्थ नाही. ते निवडायचं ते भरवशासाठी.

भरवशाचं कारण बोटीच्या बांधणीत आहे. वेग घेतला की अलिस्काफो पोटाखालच्या पोलादी पंखांवर उचलली जाते आणि तिचं अंग पाण्याबाहेर राहतं. त्यामुळेच ती ताशी 60 किलोमीटरच्या आसपास धावू शकते. (या प्रकारच्या बोटींची समुद्रावरची प्रवासी सेवा 1956 साली शेजारच्याच मेसिनाच्या सामुद्रधुनीत सुरू झाली.) पण लाटा मोठ्या झाल्या की पंख मधूनच हवेत येतात, उचल जाते आणि बोट दाणकन पाण्यावर आपटते. म्हणून वारा वाढला की आधी अलिस्काफो रद्द होतात, जहाज त्यानंतरही बराच वेळ चालू राहतं. आपल्याकडे पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात आणि भाऊच्या धक्क्यावरची रो-रो हवामान बघून सुटते, तसंच हे. फक्त तिथे त्याला ठरावीक मोसम नाही, कोणत्याही महिन्यात दोन दिवसांचा वारा पुरतो.

आणखी एक गोष्ट. बोट सुटली म्हणजे ती तुमच्या बेटावर लागेलच असं नाही. स्त्रोंबोली आणि आलिकुदीचे धक्के उघड्या समुद्राला तोंड करून आहेत. लाट आडवी येत असेल तर कप्तान धक्क्याला न लागता पुढे जातो. लिपारीचं बंदर त्या मानाने आडोशाला आहे आणि फेऱ्याही सर्वांत जास्त तिथूनच. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मुक्काम लिपारीला ठेवावा आणि बाकीची बेटं तिथून करावीत, असं आमचं ठाम मत आहे. स्त्रोंबोलीला राहायचंच असेल तर ते सहलीच्या सुरुवातीला किंवा मध्ये घ्या. शेवटची रात्र तिथे अजिबात नको.

उतरताना दोन ठिकाणी घोळ होतो. सालिनाला दोन बंदरं आहेत, सांता मारिना आणि रिनेल्ला, बेटाच्या दोन वेगळ्या बाजूंना. चुकीच्या ठिकाणी उतरलात तर निदान बस तरी मिळते. स्त्रोंबोलीत तेवढीही सोय नाही. जिनोस्त्रा हा थांबा त्याच बेटावर असला, तरी तिथून मुख्य गावात जायला रस्ता नाही, पुढची बोट येईपर्यंत थांबावं लागतं. तिकिटावर नेमकं नाव वाचा आणि धक्क्यावरची पाटी बघूनच पाय ठेवा.

आता बसण्याचं. अलिस्काफो बंदिस्त असते. खिडक्यांवर खाऱ्या पाण्याचे तुषार वाळलेले असतात, त्यामुळे फोटोची आशा धरू नका. ज्यांना बोट लागते त्यांनी पुढच्या जागा टाळाव्यात, उसळी तिथे सर्वांत जास्त बसते. मधल्या-मागच्या खालच्या जागा बऱ्या. जहाजात उघडा डेक असतो, क्षितिजाकडे नजर ठेवता येते, शौचालयापर्यंत धडपणे चालत जाता येतं. आईबाबांना नेत असाल तर हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. अव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून घरूनच न्या आणि निघण्याच्या तासभर आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. सामानाचाही हिशेब आहे: अलिस्काफोत मोठ्या बॅगांना जागा कमी आणि जादा पैसे पडू शकतात.

स्त्रोंबोलीचे स्फोट रात्री बघण्यासाठी यातली कुठलीच बोट कामाची नाही, कारण उशिरा परतीची फेरी नसते. लिपारीहून दुपारी सुटणाऱ्या खासगी सहलीच्या बोटी असतात. त्या अंधार पडल्यावर स्यारा देल फुओकोच्या उतारासमोर थांबतात आणि रात्री परत आणतात. त्या लहान असल्याने रद्दही लवकर होतात, म्हणून ही सहल मुक्कामाच्या पहिल्याच चांगल्या दिवशी उरका. चालत वर जाण्याचे नियम जुलै 2019 च्या मोठ्या स्फोटानंतर कडक झाले आहेत आणि ज्वालामुखीच्या हालचालीनुसार बदलतात. निघण्याआधी चालू आदेश बघा.

मे महिन्यात समुद्र बहुधा शांत असतो, तेव्हा सगळीकडे अलिस्काफो घ्यायला हरकत नाही. दिवाळीत चित्र बदलतं. फेऱ्या कमी झालेल्या असतात, वारे वाढलेले असतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ एक तास मागे जातं. दिवाळीत जाणाऱ्यांनी बेटांदरम्यान अलिस्काफो वापरावी, पण मिलाझ्झोला परतताना जहाजाची वेळ धरूनच आखणी करावी.

आणि परतीच्या दिवशीच विमान ठेवू नका. मिलाझ्झोहून कातानिया विमानतळ सुमारे 130 किलोमीटर आहे, बसला दोन तास धरा, रविवारी बस कमी. रेल्वे स्टेशन बंदरापासून तीनेक किलोमीटरवर आहे, तेवढं सामान ओढत जाता येत नाही. त्यात जवळच्या एटना ज्वालामुखीची राख उडाली की कातानियाचं विमानतळही काही काळ बंद ठेवतात. आदल्या रात्री कातानियाला मुक्काम करा.

गाडी भाड्याने घेतली असेल तर ती मिलाझ्झोलाच ठेवा. पानारेया आणि स्त्रोंबोलीवर बाहेरच्यांच्या गाड्यांना बंदी आहे, आलिकुदीवर तर गाडीचे रस्तेच नाहीत, ओझं खेचरावरून जातं. स्त्रोंबोलीच्या गल्ल्यांतून सामान नेणारी तीनचाकी म्हणजे आपल्या ओळखीची आपेच. हॉटेलला बोटीची वेळ आधी कळवलीत तर ती धक्क्यावर येऊन उभी राहते.