सहा बाटल्यांचा इसेन्शियल ऑइल किट – अडीच स्टार, आणि त्यातला एक एकट्या पेपरमिंटचा

सर्दी, डोकेदुखी, पावसाळ्यातल्या चिखल्या, मच्छर, असल्या बारीकसारीक कटकटींसाठी हा इसेन्शियल ऑइलचा (म्हणजे झाडापाल्यातून काढलेल्या वासाच्या तेलांचा) किट मागवला होता, सेलमध्ये हजाराच्या आत मिळाला. पेपरमिंट, निलगिरी, टी ट्री, लव्हेंडर, लेमनग्रास आणि लेमन, प्रत्येकी १० मिली. कंपनीचं नाव देत नाहीये, कारण असे किट ढिगाने मिळतात आणि बॉक्स, बाटल्या, आतलं पत्रक सगळं बघून वाटतं एकाच ठिकाणी छापलंय.

पॅकिंग चांगलंय, ब्राऊन काचेच्या बाटल्या, थेंब थेंब पडावा म्हणून तोंडाला बूच. झाकण मात्र साधं फिरवायचं, लहान मूल आरामात उघडेल. हे मला अजिबात आवडलं नाही, कारण निलगिरीचं तेल चमचाभर जरी लहान मुलाच्या पोटात गेलं तरी फिट येऊ शकते, थेट हॉस्पिटलची केस. आणि अशा किटमधल्या पत्रकात काय लिहिलंय तर "१ थेंब कोमट पाण्यात घालून प्यावे". अहो कशाला?? तेल पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगतं आणि घशाला तसंच जाऊन भिडतं. शिवाय "१००% नॅचरल, नो साइड इफेक्ट्स" हे आहेच. ते पत्रक मी फाडून टाकलं, तुम्हीही टाका.

आता तेलांबद्दल. पेपरमिंट एक नंबर. डोकं जड झालं, कपाळ आवळल्यासारखं वाटायला लागलं की चमचाभर खोबरेल तेलात १० थेंब टाकून कपाळाला आणि कानशिलांना लावते, डोळ्यांपासून लांब, आणि पंख्याखाली पडते, अर्ध्या पाऊण तासात बरंच हलकं वाटतं. हे नुसतं मनाचं समाधान नाही, जर्मनीत १९९६ साली ४१ जणांवर तुलना झालेली, १० टक्के पेपरमिंट तेल कपाळाला लावणं विरुद्ध १००० मिलीग्रॅम पॅरासिटामॉल, आणि ताणाच्या डोकेदुखीत दोघांत फारसा फरक पडला नव्हता. लक्षात घ्या, त्यांनी ते अल्कोहोलमध्ये मिसळलं होतं, मी खोबरेलात मिसळते. मायग्रेनवाल्यांनी यावर अवलंबून राहू नका, माझ्या जाऊबाईंना तर त्या वासानेच मळमळायला लागलं.

निलगिरी ठीक. गरम पाण्यात २-३ थेंब, डोळे मिटून वाफ घेतली की बरं वाटतं, पण खरं सांगायचं तर नाक मोकळं करण्यात मोठा वाटा वाफेचाच असतो. पेपरमिंटमधल्या मेंथॉलचं तर असं आहे की ते नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना चाळवतं, म्हणून हवा जास्त जातेय असं वाटतं, प्रत्यक्षात नाक तेवढंच चोंदलेलं असतं. झोप लागण्यापुरतं तेवढंही चालतं म्हणा. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ ही दोन्ही तेलं अजिबात न्यायची नाहीत, श्वास अडकू शकतो, आणि घरात कोणाला फिट्स किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लेबलवर नुसतं "युकॅलिप्टस" लिहिलंय, कुठल्या झाडाचं ते नाही. वाफेला वापरतात ते ग्लोब्युलस वेगळं आणि लिंबासारख्या वासाचं सिट्रिओडोरा वेगळं, त्यामुळे झाडाचं पूर्ण शास्त्रीय नाव आणि बॅच नंबर नसेल तर माझ्या मते मार्क कापायचेच.

इथे आमच्या सासूबाईंचं ऐकावं लागलं. किट बघून त्या म्हणाल्या, "अगं एवढे पैसे घालवलेस, काष्ठौषधीच्या दुकानातनं अमृतधारेचं सामान आणलं असतंस तर?" पुदिन्याचं फूल (म्हणजे मेंथॉलचे खडे), ओव्याचं फूल (थायमॉलचे खडे) आणि कापूर, तिन्ही सारखं घेऊन बाटलीत टाकायचं आणि बूच लावून ठेवायचं, पाण्याचा थेंब न घालता आपोआप पातळ होतं, मला अजून ते बघायला मजा येते. लाहोरच्या अमृतधारेचं नाव आपल्याकडे घराघरात गेलं ते उगाच नाही. रुमालावर एक थेंब टाकून वास घेतला की किटमधल्या दोन बाटल्यांचं काम होतं आणि खर्च अगदी किरकोळ. फक्त पूर्वी बत्ताशावर टाकून खायचे तसं मी कोणाला देत नाही, कापूर पोटात जाणं मुलांना फार वाईट, आणि पातळ न करता कातडीलाही लावायचं नाही.

टी ट्री. चिखल्यांसाठी मोठ्या आशेने घेतलं होतं. चमचाभर तेलात ५ थेंब टाकून बोटांच्या बेचक्यांत लावलं, खाज कमी झाली हे खरं, पण बुरशी काही हटली नाही, शेवटी मेडिकलमधून क्लोट्रिमाझोलची ट्यूब आणली आणि तिनेच काम केलं. पिंपल्सवर मात्र याचं नाव खोटं नाही, ऑस्ट्रेलियात (झाडही तिथलंच) १९९० साली १२४ जणांवर ५ टक्के टी ट्री जेल आणि पिंपल्सचं नेहमीचं औषध बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली, टी ट्रीने हळू पण गुण दिला आणि त्या औषधापेक्षा कातडीला त्रास कमी झाला. म्हणून भाचीला सांगितलं, तेल तसंच थापू नकोस, तयार जेल आण. बाटली उघडून वर्ष झालं की हे तेल हवेने बदलतं आणि मग अॅलर्जीची शक्यता वाढते. मांजर पाळणाऱ्यांनी तर घरात आणूच नका, मांजरांना विषारी आहे.

लव्हेंडरने निराशा केली. पांढऱ्या कागदावर प्रत्येकाचा एकेक थेंब टाकून ठेवला, पेपरमिंट आणि निलगिरी उडून गेले, लव्हेंडरचा तेलकट डाग दुसऱ्या दिवशीपण तसाच, म्हणजे त्यात दुसरं कुठलं तरी तेल मिसळलेलं असणार (बनावट सुगंध घातलेला असेल तर या टेस्टमध्ये कळत नाही, हेपण सांगते). भाजल्यावर लव्हेंडर लावा असं जिथे तिथे लिहिलेलं असतं, ते सगळं गाटफोसे नावाच्या फ्रेंच केमिस्टच्या गोष्टीवरून आलंय, १९१० साली लॅबमध्ये तो भाजला होता आणि त्याने लव्हेंडर वापरलं होतं, अरोमाथेरपी (सुवासिक तेलांनी उपचार) हा शब्दही त्यानेच रूढ केला. त्याचं त्याला लखलाभ, आपण भाजल्यावर २० मिनिटं नळाखाली हात धरायचा, तेल बिल काही नाही. झोपेसाठी उशीजवळ ठेवायला चालेल, पण मग भेसळीचं कशाला, जम्मूत भदरवाहकडे शेतकरी मका सोडून लव्हेंडर लावतायत, तिकडचं नीट लेबल असलेलं शोधा.

लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहाच, डिफ्यूझरमध्ये (वास खोलीभर पसरवायचं यंत्र) वास मस्त येतो, मच्छर थोडा वेळ लांब राहतात आणि मग परत हजर. डेंग्यूच्या सीझनमध्ये याच्या भरवशावर मच्छरदाणी काढू नका. कातडीला हे चांगलंच झोंबतं.

लेमन: दुखण्याखुपण्याला उपयोग शून्य. लावून उन्हात गेलं तर कातडीवर डाग पडू शकतात. डब्यांवरचे स्टिकर काढायला मात्र जबरदस्त, गोंद एका पुसण्यात साफ.

कस्टमर केअरला लव्हेंडरबद्दल मेल केला तर "सील उघडल्यावर रिटर्न नाही" एवढंच उत्तर. किट घेऊ नका, पेपरमिंट आणि निलगिरी सुट्या घ्या, आणि डायबेटिस असून पायाची तक्रार किंवा तीन-चार दिवस न उतरणारा ताप असेल तर बाटल्या बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.