इक्विनॉक्स ८०० : रिकव्हरी स्पीडचे आठ आकडे आणि हेडफोनने खाल्लेला वेळ

मिनलॅबचं इक्विनॉक्स ८०० हे मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू शोधणारं मशीन) इंग्लंडमधल्या नांगरलेल्या शेतांत बरेच महिने वापरल्यानंतरचं हे मत. वजन, वॉटरप्रूफिंग, मल्टी-आयक्यू (एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणं) यांवर भरपूर लिहून झालंय, त्यामुळे इथे फक्त रिकव्हरी स्पीड.

१ ते ८ मधल्या या आकड्याचं काम एवढंच: एक सिग्नल आटपून मशीन पुढच्या सिग्नलला किती लवकर मोकळं होतं. फळीवर एक नाणं ठेवा, दोन्ही बाजूंना चार-चार बोटांवर गंजके खिळे. ३ वर खिळ्याची घरघर आणि नाण्याचा वरचा सूर एकमेकांत मिसळून एकच लांबट आवाज येतो. ७ वर नाण्याचा 'टिक' स्वच्छ सुटा ऐकू येतो. हे पाहिलं की कोणीही आकडा ८ वर नेतो आणि तिथेच ठेवतो. सुरुवातीचं मतही तेच होतं: ८ लावा आणि विसरा.

आता ते मत राहिलेलं नाही. फळीवर खिळे आणि नाणं एकाच पातळीत असतात, शेतात नसतात. नाण्याच्या बरोबर वर खिळा बसला असेल तर ८ काय नि १८ काय, फरक शून्य. तिथे ११ इंची कॉइल (जमिनीवरून फिरवायची गोल तबकडी) काढून ६ इंची लावणं आणि तीच जागा काटकोनात पुन्हा फिरवणं, हाच उपाय. शिवाय वेग वाढवला की मशीन प्रत्येक सिग्नल कमी वेळ ऐकतं. वीतभर खाली आडवी पडलेली पातळ चांदीची पेनी ४ वर धूसर का होईना, पण बोलते; ८ वर तिचा आवाज इतका तुटक येतो की जमिनीची कुरकुर समजून माणूस पुढे जातो. आयडीचे, म्हणजे धातू कोणता ते सुचवणारे, स्क्रीनवरचे आकडेही जास्त उड्या मारतात.

म्हणून मोकळ्या कुरणात ४ आणि कॉइल सावकाश, साध्या नांगरटीत ६, जुन्या वस्तीच्या खिळेभरल्या जागी ७. ७ वर आयर्न बायस एफ२ (संदिग्ध सिग्नल कितपत लोखंड मानायचा ते ठरवणारं सेटिंग) शून्याजवळ आणि सेन्सिटिव्हिटी १८ च्या आसपास. लोखंड डिस्क्रिमिनेशनने (नको त्या धातूचे सिग्नल गाळण्याच्या सोयीने) गप्प करू नका. आवाज बारीक करून चालू ठेवा, नाहीतर कुठे नाणं झाकलं जातंय ते कळतच नाही. बायस शून्यावर वाकडे खिळे नाण्यासारखे वाजतात. तेवढी खोदाई सोसायची.

काटकसरीने पाहिलं तर आणखी एक टोचतं. स्वस्तातल्या इक्विनॉक्स ६०० चे वेग १, २, ३ म्हणजे ८०० चे २, ४, ६. म्हणजे वेगापुरते जादा पैसे त्या एका ७ साठी गेले. फक्त ८०० वर मिळणाऱ्या २० आणि ४० किलोहर्ट्झच्या फ्रिक्वेन्सी वापरणाऱ्यांचा हिशोब वेगळा.

आता खरी चीड. वेगाचा एवढा खटाटोप साधा ब्लूटूथ हेडफोन एका फटक्यात बुडवतो. 'ब्लूटूथ आहे ना, मग चालेल' हा दुकानदाराचा सल्ला मुळीच ऐकू नये. साध्या ब्लूटूथला आवाज पोचवायला सहज २०० मिलीसेकंद लागतात. कॉइल सेकंदाला एक मीटर फिरत असेल, तर आवाज येईपर्यंत ती २० सेंटिमीटर पुढे गेलेली असते. डावीकडून जाताना नाणं उजवीकडे वाजतं, परतताना डावीकडे. मग खिळा कुठला नि नाणं कुठलं? एपीटीएक्स लो लेटन्सी या कमी विलंबाच्या ब्लूटूथ प्रकाराला साधारण ४० मिलीसेकंद लागतात, म्हणजे ४ सेंटिमीटर. ते खपून जातं. मिनलॅबच्याच डब्ल्यूएम०८ या वायरलेस मॉड्यूलला १७ मिलीसेकंद. जोडणी झाल्यावर ब्लूटूथच्या चिन्हापुढे अधिकचं चिन्ह आलं नाही, तर तो हेडफोन गाणी ऐकायला ठेवा.

(हे सगळं जमीनमालकाची परवानगी असलेल्या शेतापुरतं. तिथल्या १९९६ च्या ट्रेझर अॅक्टखाली (सापडलेल्या खजिन्याचा कायदा) येणारी वस्तू १४ दिवसांत कळवावी लागते. मशीन भारतात न्यायचा विचार असेल तर आधी १८७८ चा निखात निधी कायदा वाचा. त्यात दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली तरी कळवावी लागते.)

हेडफोनच्या विलंबावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ३.५ मिमी पिनचा वायरवाला हेडफोन. विलंब नाही, चार्जिंग नाही. वायर जॅकेटच्या आतून घ्या, आणि खोदायला वाकण्याआधी पिन काढा. ओढ बसली तर आधी सॉकेट ढिलं होतं.