दोन अक्षरी शब्दांची वही: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीनंतर शब्दकोड्यांसाठी मी एक वही घातली. छोटे शब्द आणि त्यांचे अर्थ, बाकी काही नाही. दहा महिन्यांत साडेपाचशेच्या आसपास शब्द जमलेत आणि पेपरातलं कोडं पूर्ण सुटायचे दिवस खरंच वाढलेत. कुणाला अशी वही करायची असेल तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

सुरुवात झाली ती 'हत्ती (२)' वरून. दुसऱ्या घरात 'री' पक्की होती, त्यामुळे गज बसेना. आई शेजारी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "करी लिही." मी म्हटलं, "अगं, करी म्हणजे करतो!" तर म्हणाली, "कर म्हणजे हात, तशी सोंडही. सोंड आहे ज्याला तो करी." वहीतला पहिला शब्द तोच.

त्याआधी बाजारातून तयार शब्दांची एक पुस्तिका आणली होती. तिचा फार उपयोग झाला नाही. 'कोकिळ' या अर्थाला तिच्यात 'पीक' छापलंय! कोकिळ तो पिक, शेतात येतं ते पीक. कोड्यात एक वेलांटी चुकली की आडवा-उभा दोन्ही शब्द अडतात.

माझी स्वतःची चूक मांडणीत झाली. पहिले दोन महिने शब्द पहिल्या अक्षराप्रमाणे लिहिले. पण कोड्यात बऱ्याचदा शेवटचंच अक्षर आधी हाती येतं. मग वही उलटी करून मागच्या बाजूने शेवटच्या अक्षराप्रमाणे पुन्हा सगळं लिहिलं. कंटाळवाणं काम, पण आता 'य' सापडला की हय (घोडा), पय (दूध, पाणी), तोय (पाणी) एका नजरेत दिसतात.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो शब्द फोडून बघण्याचा. नुसता पाठ केलेला शब्द महिन्याभरात जातो, फोडलेला राहतो. ख म्हणजे आकाश आणि ग म्हणजे जाणारा, म्हणून खग म्हणजे पक्षी. न हलणारा तो नग, म्हणजे पर्वत (आपण दुकानात 'दोन नग द्या' म्हणतो तो वेगळा). छातीवर सरकतो म्हणून साप उरग. प म्हणजे पिणारा: मुळांनी पिणारं झाड पादप, आणि आधी सोंडेनं, मग तोंडानं असं दोनदा पितो म्हणून हत्ती द्विप. इथेही वेलांटी सांभाळा, द्वीप म्हणजे बेट. मोठ्या शब्दांच्या पोटातही छोटे शब्द असतात. वृकोदरात वृक म्हणजे लांडगा, मुरारीत अरी म्हणजे शत्रू, पाणिग्रहणात पाणी म्हणजे हात. 'हात (२)' ला पाणी लिहायचं हे मला आधी कधीच सुचलं नसतं.

अर्थ तपासायला मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर बघतो. जुन्या शब्दांसाठी आजही त्याचा मोठा आधार वाटतो. मात्र त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, त्यामुळे तिथे अरि, कपि असं ऱ्हस्व मिळतं. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे शब्द मराठीत दीर्घान्त झाले: अरी, कपी, रवी. कोडं नव्या नियमाने चालतं. समासात मात्र कपिध्वज ऱ्हस्वच. म्हणून मी दोन्ही रूपं शेजारीशेजारी लिहितो.

संस्कृत शब्द ठीक, पण मला खरा आनंद दिला तो आपल्या घरच्या, शेतातल्या शब्दांनी. जू हा एका घराचा शब्द, बैलांच्या मानेवरचा. वई म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण. आढी आंब्यांची, अढी मनातली. आणि पेव! धान्य साठवायला जमिनीत खणलेलं तळघर. 'पेव फुटणं' हजारदा म्हटलं असेन, पण फुटतं ते नेमकं काय, हे वहीत लिहिताना कळलं. हे शब्द कोणत्याही तयार यादीत मला धड मिळाले नाहीत, आईकडून आणि गावाकडच्या मावशीकडून फोनवर विचारून घ्यावे लागले.

एक सूचना. पहिल्याच दिवशी दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक अक्षराला सारखी पानं देऊ नका. माझी 'क', 'प', 'व' ची पानं भरून समासात शब्द चाललेत आणि 'ढ' वर फक्त ढोली बसलीय. मावशीला कालच विचारलंय, ती आठवून सांगणार आहे.