बॅकअपची स्क्रिप्ट: बॅश की पायथन?

लातूरकडच्या एखाद्या पतसंस्थेत एकच लिनक्स सर्व्हर आहे, रात्री कधीही लाईन जाते आणि सकाळी बॅकअप हवाच आहे, असं धरू. त्याची स्क्रिप्ट बॅशमध्ये (लिनक्सच्या कमांड चालवणारं शेल) लिहायची की पायथन या प्रोग्रामिंग भाषेत?

मायएसक्यूएल या डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची प्रत) काढून तो फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपकडे पाइप करायचा, म्हणजे थेट पुढे द्यायचा, तर बॅशमध्ये काम एका ओळीत उरकतं. पण बॅशची सगळ्यात घातक खोड इथंच आहे: पाइपचा निकाल शेवटच्या कमांडवर ठरतो. डंप मध्येच फसला तरी जीझिप ० (म्हणजे ‘काम झालं’) परत देतं, स्क्रिप्टला सगळं ठीक वाटतं आणि हाती अर्धवट फाइल उरते. म्हणून सुरुवातीलाच ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहाच, म्हणजे मधली कमांड फसली तरी सगळा पाइप फसला असं धरलं जातं. व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरण द्या, नाहीतर ‘मार्च हिशेब’ या फाइलनावाचे दोन तुकडे होतात.

पायथनमध्ये ओळी वाढतात. पण बाहेरची कमांड चालवणाऱ्या ‘सबप्रोसेस रन’ला ‘चेक’ ट्रू दिलं की कमांड फसताच एक्सेप्शन (चुकीचा इशारा) येतं, आणि आर्ग्युमेंट लिस्टमधून दिले की स्पेसची कटकट नाही. जेसन (डेटा मजकुरात लिहिण्याचा एक साचा) वाचायचं असेल किंवा दशांशाचं गणित असेल, तर बॅशशी झटत बसू नका. बॅशला स्वतःहून दशांश येतच नाही. जुन्या मशिनवर पायथन २ असेल तर त्यावर नवं काही बांधू नका, त्याचा सपोर्ट २०२० मध्येच संपला.

लाईनचा उपाय दोन्हीकडे एकच: आधी तात्पुरत्या नावानं लिहा, पूर्ण झाल्यावर त्याच फाइलसिस्टिमवर नाव बदला, म्हणजे अर्धवट फाइल खऱ्या नावानं उरत नाही. ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या क्रॉनचा पाथ (कमांड शोधण्याच्या जागांची यादी) तोकडा असतो, त्यामुळं कमांडचा पूर्ण पत्ता द्या.

कमांड नुसत्या जोडायच्या तर बॅश. अटी आणि याद्या वाढल्या की पायथनकडे वळा.