कराडचा मासळी बाजार: विळीवरच्या बायकांचं काम

कराडला मासळी दोन वाटांनी येते. कोकणातली कुंभार्ली घाट चढून, आणि रोहू, कटला, मृगळ, चिलापी सातारा-सांगलीकडच्या धरणा-तलावांतून. पुढचं सगळं बायकांच्या हातात: निवडणं, बर्फात लावणं, भाव सांगणं, कापणं. बाजाराचा दर्जा ठरतो तो त्यांच्या कामावर.

कापण्याला पैकीच्या पैकी. रोहूचे खवले शेपटीकडून डोक्याकडे काढतात, पोट बेतानंच चिरतात. पातं खोल गेलं की पित्ताची पिशवी फुटते आणि हिरवट डाग लागलेलं मांस शिजल्यावरही कडू लागतं. तसं झालंच तर तेवढा भाग काढून टाकायला सांगा, नुसत्या धुण्यानं भागत नाही. बुळबुळीत मरळ राख चोळून धरतात, नाहीतर विळीवर हात कापायची भीती. घरात लहान मूल असेल तर रोहूच्या पोटाकडच्या तुकड्या मागा. पाठीत आणि शेपटीकडे दुफाटे बारीक काटे असतात, पोटाकडे फक्त बरगड्या. वजन कापण्याआधी होतं. १ किलोची रोहू साफ होऊन डोक्यासकट साधारण ८०० ग्रॅम भरते, तेव्हा मापात मारलं म्हणून मावशींशी भांडू नका.

बर्फाला मात्र पूर्ण गुण देता येत नाहीत. उन्हाळ्यात जेवढी मासळी तेवढाच बर्फ हवा, थरावर थर, आणि वितळलेलं पाणी निघून जायला पेटीला खाली भोक. दुपारनंतर काही पाट्यांत बर्फ वरवर दिसतो आणि खालची मासळी पाण्यात पडलेली असते. बांगड्याला हे सगळ्यात आधी बाधतं. तो गरम राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात. बांगडा सकाळीच घ्यावा, कल्ले लालभडक आणि पोट टणक बघून.

यात हलगर्जीपणापेक्षा पैशाची अडचण मोठी आहे. बर्फ पदरचे पैसे घालून आणायचा, आणि संध्याकाळी उरलेला माल पडेल भावात काढायचा, तो तोटाही विकणारीचाच. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फपेटीच्या दुचाकी-तीनचाकीसाठी महिलांना ६० टक्के अनुदान आहे. पण उरलेले ४० टक्के रोजच्या विक्रीवर पोट असणाऱ्या बाईनं उभे करायचे कुठून?

१ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना बंदी असते. त्या दिवसांतली सुरमई बहुधा शीतगृहातली किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरची, म्हणून तेव्हा गोड्या पाण्यातली मासळी घ्यावी. भाव मासळीचा करा, कापायच्या पैशांचा नको. आणि डोकं नेणार असाल तर कल्ले पुरते काढले का, ते तिथंच उघडून बघा. आत राहिले तर कालवण कडवट होतं.