‘कॅट सिक्स’च्या नावाखाली ॲल्युमिनियमची वायर: मेशचा वायर्ड स्पीड ९४ वर अडकला असेल तर हे वाचा

प्लॅन ३०० एमबीपीएसचा, मेशचे (घरभर वायफाय पसरवणाऱ्या संचाचे) तीन नोड म्हणजे छोटे राउटर, प्रत्येक खोलीत ‘कॅट सिक्स’ म्हणून नेटवर्कची वायर ओढलेली. तरी अभ्यासाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर स्पीड टेस्ट ९४ च्या वर सरकत नव्हती. नुकतंच इंटिरियर झालेल्या एका फ्लॅटमधला हा प्रकार आहे. वायरिंग करणाऱ्याने आधी खापर इंटरनेट कंपनीवर फोडलं, मग मेश ‘हलका’ आहे असं सांगून ट्राय-बँडचा (तीन वायफाय बँडचा) महागडा संच घ्यायला लावला. नवा संच बसला, आकडा तोच राहिला.

हा ९४ चा आकडा ओळखीचा करून घ्या. १०० एमबीपीएसच्या लिंकमधून प्रत्यक्षात ९४-९५ च हाती लागतात. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) वायरमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला मात्र दोनच पुरतात: पिन १-२ आणि ३-६. त्यामुळे उरलेल्या निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली तरी बहुतेक उपकरणं काही न सांगता १०० वर उतरतात. नेट चालू असतं, म्हणून वायरवर कुणाचा संशयच जात नाही. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘इथरनेट’ उघडा आणि लिंक स्पीड बघा. तिथे १००/१०० दिसत असेल तर कंपनीला फोन करून उपयोग नाही. दोष तुमच्या घरातच आहे.

या घरात आणखी एक गोष्ट झाली होती. वायर जोडल्यापासून त्या खोलीतलं वायफायही मंदावलं होतं, आणि नोडची वायर उपसताच ते सुधारलं. बऱ्याच मेश संचांत वायर लागली की नोड मुख्य राउटरशी वायरनेच बोलतो, मग ती वायर १०० चीच का असेना. वायर काढल्यावर स्पीड वाढत असेल तर चोर सापडलाच म्हणायचा.

पुढची तपासणी अशी. लॅपटॉप चांगल्या छोट्या पॅच कॉर्डने थेट मुख्य राउटरला लावा. तिथे १०००/१००० दिसलं तर पोर्ट ठीक आहे. मग तोच लॅपटॉप, तीच कॉर्ड भिंतीतल्या सॉकेटला लावा. इथे १०० वर आलं, तर सॉकेटची फेसप्लेट, म्हणजे वरचं झाकण, उघडायची वेळ झाली.

या फ्लॅटमध्ये फेसप्लेटमागे तपकिरी तार जॅकच्या खाचेतच मोडलेली होती. तिचं टोक ब्लेडने खरवडलं तर तांब्याच्या पातळ मुलाम्याखाली चंदेरी धातू निघाला. बिलावर ‘कॅट सिक्स, प्युअर कॉपर’ लिहिलेलं. हाती आलं ते सीसीए, म्हणजे वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम. कॅट सिक्सच्या मानकात संपूर्ण तांब्याचीच तार लागते, त्यामुळे आवरणावर काहीही छापलं तरी ही कॅट सिक्स नव्हे. ती वाकवताना, पंच करताना (जॅकच्या खाचेत दाबून बसवताना) मोडते. रोध (रेझिस्टन्स) तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे त्याच वायरवरून कॅमेऱ्याला वीज दिली तर ती तापते.

आठ दिवे लागणारा स्वस्त टेस्टर दाखवून ‘लाइन ओके’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. तो फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे एवढंच सांगतो. धातू कोणता, जोड्या बरोबर जुळवल्यात का, हे त्याला कळत नाही. मल्टिमीटर जास्त कामाचा. एका टोकाला जोडीतल्या दोन्ही तारा पिळून जोडा, दुसऱ्या टोकाला रोध मोजा आणि प्रोबचा रोध वजा करा. २० मीटर वायरला २३ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) तांब्यात पावणेतीन ओहमच्या आसपास येतो, सीसीएत चारच्या पुढे जातो.

याच धंद्यातल्या आणखी दोन युक्त्या. खोक्यावर ठळक ‘१२००’ असलेल्या नोडचे पोर्ट १०/१०० चे निघू शकतात, कारण तो आकडा दोन वायफाय बँडची बेरीज असतो. घेण्याआधी पोर्टचा तपशील वाचा. आणि एका वायरवर दोन खोल्या चालवणारा बिनविजेचा स्प्लिटर कुणी बसवला असेल तर प्रत्येकीला दोनच जोड्या मिळतात, म्हणजे पुन्हा १००.

काम अजून व्हायचं असेल तर वायरचं सीलबंद खोकं समोर उघडायला लावा आणि वजन करा. ३०५ मीटरमध्ये २३ गेजचं नुसतं तांबं साडेपाच किलोच्या आसपास असतं, आवरणासकट खोकं दहा किलोच्या वर जायला हवं. सात-आठ किलो भरलं तर तिथेच एक तार खरवडून बघा. कोटेशनवर ‘२३ गेज, संपूर्ण तांबं, सीसीए नाही’ आणि ‘प्रत्येक पॉइंटवर १००० चा लिंक दाखवल्यावर शेवटचा हप्ता’ असं लिहून घ्या. पीओपी आणि रंगकाम त्याआधी सुरू होऊ देऊ नका.

फसवणूक झालीच असेल तर बिल, खरवडलेल्या तारेचा फोटो आणि लिंक स्पीडचा स्क्रीनशॉट सांभाळा. वायरचा वीतभर तुकडाही ठेवा. आधी लेखी मागणी करा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीचं शुल्क लागत नाही.